वाचवलेल्या धावा कुणाच्या खात्यावर?

आपल्या महाविद्यालयाच्या क्रिकेट संघात मी नवव्या क्रमांकाचा फलंदाज आहे. गोलंदाजी मला येत नाही. तरीही गेली दोन वर्षे मी संघात आहे. याचे कारण कुणी विचारले तर आमचा कर्णधार 'फील्डिंग बरी करतो' एवढेच सांगतो, आणि तेही थोडे ओशाळून, जणू काही वशिल्याने एखाद्याला आत घेतले आहे. स्नेहसंमेलनात उत्कृष्ट फलंदाजाला करंडक मिळतो, उत्कृष्ट गोलंदाजाला मिळतो, दोन्ही करणाऱ्या अष्टपैलू खेळाडूलाही मिळतो. कव्हरला उभे राहून तीन तास धावणाऱ्याला टाळ्या वाजवायचे काम मिळते. हा लेख त्या हावेपोटी लिहिला आहे असे कुणी म्हणेल. थोडी हाव असेलही. परंतु या विषयाकडे माझे लक्ष गेले ते इथे नव्हे, बुऱ्हाणपुरात. आणि तेही माझ्यामुळे नव्हे, मामांच्या एका वहीमुळे.

बुऱ्हाणपूर हे माझे आजोळ. बेळगावातील बहुतेक मित्रांना ते महाराष्ट्रात आहे असे वाटते. ते मध्य प्रदेशात आहे. तापीच्या काठी, खानदेशाला अगदी लागून, आणि कितीतरी घरांतून मराठीच बोलली जाते. मुमताजमहल १६३१ साली तिथेच वारली. तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. आपले हे नियतकालिक एका वेष्टणात मराठी आणि कन्नड विभाग बांधते, त्याचे मला कौतुक वाटते. पण बुऱ्हाणपूरकरांनी हा उद्योग चारशे वर्षांपूर्वीच दगडात करून ठेवला आहे. माझे वडीलही मूळचे तिथलेच, लूमचे कारागीर. गावातले काम मंदावले तेव्हा ते बेळगावला वडगावातील लूमवर आले. म्हणून माझी शाळा इथली, मराठी माध्यमाची. कन्नड मी शाळेच्या पुस्तकांपेक्षा गल्लीत जास्त शिकलो. सुट्टीत मात्र गोवा एक्स्प्रेसने भुसावळ आणि तिथून पुढे बुऱ्हाणपूर, हा नेम चुकलेला नाही.

मामांचे वय आज साठीच्या घरात आहे. आठवडाभर लूम, आणि रविवारी सकाळी मैदान. ते आता खेळत नाहीत. गावातील दोन-तीन संघांचे सामने होतात, त्यांचे ते गुणलेखक. मैदानाच्या कडेला एक खुर्ची, डोक्यावर पंचा, मांडीवर स्कोअरबुक. मात्र स्कोअरबुकाच्या खाली आणखी एक वही असते, लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या दुकानात उधारीसाठी ठेवतात तसली. या वहीत फलंदाज नाहीत, गोलंदाज नाहीत. अकरा क्षेत्ररक्षकांची अकरा नावे एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे खुणा. हिरवे टिंब म्हणजे वाचवलेली एक धाव. फुली म्हणजे हातातून सुटलेली धाव. वर्तुळ म्हणजे झेल. वर्तुळात आडवी रेघ म्हणजे सुटलेला झेल. मी विचारले, "मामा, धाव वाचली हे ठरवायचे कोणी?" ते म्हणाले, "मी. पण शक आला तर टिंब द्यायचा नाही. फुलीला मात्र शक चालत नाही."

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना यात काही ओळखीचे वाटेल. संभाव्य नफा हिशेबात धरू नये, संभाव्य तोटा मात्र धरावा, हा सनातनी संकेत आपण पहिल्या वर्षी घोकलेला असतो. मामा दहावीपुढे शिकलेले नाहीत. त्यांनी तो स्वतःच्या अकलेने शोधून काढला आहे.

त्या रविवारी मी शेजारी बसून सामना पाहिला. वीस षटकांचा साधा सामना. पहिल्या संघाच्या ११८ धावा झाल्या, दुसऱ्याच्या १११. सात धावांनी विजय. ज्याने ५२ धावा काढल्या त्याला सर्वांनी खांद्यावर घेतले, ते योग्यच. मग मामांनी लाल वही उघडून माझ्यापुढे धरली. कव्हरला एक सतरा-अठरा वर्षांचा किडकिडीत मुलगा होता. त्याच्या नावापुढे चौदा टिंबे आणि एक फुली. म्हणजे निव्वळ तेरा. तो मुलगा मैदानात नसता तर सामना गेला असता. त्याला फलंदाजी मिळाली नव्हती, गोलंदाजी तो करत नाही. अधिकृत स्कोअरबुकात त्याचे नाव फक्त संघाच्या यादीत होते. त्या दिवशी तो मैदानावर काय करत होता हे त्या पुस्तकावरून उद्या कुणालाही कळणार नाही. पुढच्या रविवारी संघाचा एक फलंदाज गावाहून परतला, आणि जागा करण्यासाठी वगळले कुणाला, हे सांगायला नकोच.

याच संदर्भात मामांनी मला खंडू रांगणेकरांचे नाव सांगितले. माझ्या पिढीला हे नाव ठाऊक नाही, मलाही नव्हते. आमच्या आजोबांनी तरुणपणी इंदूरला जाऊन होळकर संघाचे सामने पाहिले होते, आणि घरी आल्यावर ते शतकांपेक्षा रांगणेकरांच्या फेकीविषयीच जास्त बोलत, असे मामा सांगतात. बुऱ्हाणपूर काही होळकरांच्या राज्यात नव्हते, ते इंग्रजांच्या मध्य प्रांतात, निमाड जिल्ह्यात. पण क्रिकेटपुरते सारे निमाड इंदूरकडे पाहत असे, आणि ते साहजिकही होते. यशवंतराव होळकरांचा संघ १९४१-४२ पासून १९५४-५५ पर्यंत रणजी करंडकात खेळला. एवढ्या काळात तो दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजेता ठरला. खेळावर पोट भरता येत नाही अशा त्या काळात संस्थानिकांची नोकरी हाच खेळाडूचा आधार होता. कर्नल सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. होळकरांनी १९२३ साली त्यांना आपल्या सैन्यात घेतले, म्हणून ते इंदूरचे झाले. त्यांच्या नावामागचे 'कर्नल' तिथूनच आले. आज ज्याला आपण व्यावसायिक खेळाडू म्हणतो, त्याचा आपल्याकडचा हा पहिला अवतार, लष्करी गणवेशातला.

कन्नड विभागातील मित्रांची क्षमा मागून एक आठवण द्यावीशी वाटते. १९४६ साली इंदूरच्या यशवंत क्लबच्या मैदानावर रणजी उपांत्य सामन्यात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग, अशी सहा शतके एका डावात. हा विक्रम सर्वत्र छापलेला असतो. म्हैसूरच्या गरुडाचारांनी दुसऱ्या डावात १६४ धावा काढून दिलेली झुंजही जाणकारांना ठाऊक असते. पण ९१२ धावा होईपर्यंत म्हैसूरची मुले त्या मैदानावर किती धावली असतील? त्यांनी अडवले नसते तर त्या ९१२ च्या हजार कधीच ओलांडल्या असत्या. याचा हिशेब कुठेही नाही.

आता रांगणेकरांकडे वळतो. खंडेराव मोरेश्वर रांगणेकर यांचा जन्म २७ जून १९१७ चा, मुंबईचा. डावखुरे फलंदाज. महाराष्ट्र, मुंबई आणि होळकर अशा तीन संघांकडून ते रणजी खेळले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी साडेचार हजारांहून अधिक धावा काढल्या, आणि सरासरी ४१ च्या वर. म्हणजे ते केवळ क्षेत्ररक्षणावर तगलेले खेळाडू नव्हते, हे आधी स्पष्ट करतो; नाही तर माझी वकिली फार सोपी होईल. पण त्यांना पाहिलेली माणसे आधी फलंदाजीबद्दल बोलत नाहीत. कव्हरला त्यांची झेप, चेंडू उचलता उचलता फेकण्याची पद्धत, याविषयी बोलतात. बॅडमिंटनमध्येही त्यांचे नाव होते, आणि तो वेग, तो मनगटाचा झटका दोन्ही खेळांत एकच असावा असे मला वाटते. ठाण्यात त्यांच्या नावाचे बॅडमिंटन सभागृह आहे. पुष्कळ मुले तिथे रोज खेळायला जातात. त्यांतील कितीजणांना हे गृहस्थ ब्रॅडमनविरुद्ध कसोटी खेळले होते हे माहीत असेल, देव जाणे.

त्यांची कसोटी कारकीर्द मात्र अवघ्या एका दौऱ्याची, १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याची. तीन सामने, सहा डाव, ३३ धावा, सर्वाधिक १८, सरासरी ५.५०. संपले.

या आकड्यांच्या मागे काय होते तेही पाहू. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि नुकताच फुटलाही होता. निवडलेल्या संघातून विजय मर्चंट आणि रुसी मोदी गेले नाहीत, मुश्ताक अली गेले नाहीत, फझल महमूद पाकिस्तानचे झाले. लाला अमरनाथ कर्णधार. स्वतंत्र भारताचा पहिला कसोटी सामना २८ नोव्हेंबर १९४७ रोजी ब्रिस्बेनला सुरू झाला आणि रांगणेकर त्यात होते. ऑस्ट्रेलियाने आधी फलंदाजी केली. ब्रॅडमनच्या १८५ धावा. मग पाऊस पडला. त्या काळी खेळपट्ट्या झाकत नसत. भिजून पुन्हा उन्हात सुकणाऱ्या त्या चिखलावर भारताचे डाव ५८ आणि ९८ धावांत आटोपले. टोशॅक नावाच्या डावखुऱ्या गोलंदाजाने पहिल्या डावात दोन धावांत पाच बळी घेतले. ज्याने आयुष्यात असली खेळपट्टी पाहिली नाही त्याची कसोटीतील सुरुवात ही अशी झाली. पुढे त्याच मालिकेत ॲडलेडला विजय हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके काढली, म्हणजे धावा काढणे अशक्य नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. रांगणेकरांच्या निघाल्या नाहीत. सहा डावांत ३३ धावा करणाऱ्या फलंदाजाला कुठल्याही निवड समितीने वगळलेच असते. माझ्या हाती अधिकार असता तर कदाचित मीही वगळले असते. त्यांच्यावर अन्याय झाला असा माझा दावा नाही.

माझा दावा एवढाच की हिशेब अर्धा आहे. त्या मालिकेत एकट्या ब्रॅडमनने ७१५ धावा काढल्या. आपले खेळाडू त्या दौऱ्यात फलंदाजी करत होते त्याहून कितीतरी अधिक काळ क्षेत्ररक्षण करत होते. रांगणेकर त्यांच्या सहा डावांत मिळून खेळपट्टीवर फार काळ टिकले नसणार. मैदानावर मात्र ते तासन्‌तास उभे होते, आणि ज्या कामात ते देशात अव्वल मानले जात तेच काम करत होते. त्या तासांची एक ओळही कुठे नाही. ५.५० हा आकडा त्यांच्या कामाच्या लहानशा भागाचा आहे, आणि तो त्यांच्या साऱ्या कसोटी कारकिर्दीचा म्हणून सांगितला जातो. एखाद्या दुकानाच्या फक्त दिवाळीच्या आठवड्याचा गल्ला मोजून वर्षाचा ताळेबंद मांडावा, तसा हा प्रकार.

धावफलकाचे व्याकरणच पाहा. झेल घेतला तर क्षेत्ररक्षकाचे नाव लागते. यष्टिरक्षकाने यष्टिचीत केले तर त्याचे लागते. पण कुणी साठ यार्डांवरून एकच यष्टी दिसत असताना ती उडवली, तर फलकावर 'धावबाद' एवढाच शब्द येतो. कर्त्याविना क्रियापद. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्‌सवर झाला. पहिल्या सकाळी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. पहिले दोन बळी महंमद निसारचे. तिसरा फ्रँक वूली, धावबाद ९. त्याला धावबाद केले लालसिंग यांनी, जे मलायातील क्वालालंपूरहून येऊन संघात दाखल झाले होते आणि अप्रतिम क्षेत्ररक्षक म्हणून नावाजले होते. ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. निसारांच्या नावापुढे त्या दिवसाचे बळी कायमचे लिहिलेले आहेत, लालसिंगांच्या नावापुढे त्या दिवशीचा हा पराक्रम नाही. त्याच सामन्यात आपल्या मराठी जनार्दन नवल्यांनी भारतातर्फे कसोटीतील पहिला चेंडू खेळला आणि यष्टिरक्षणही केले. त्यांची कारकीर्दही दोनच सामन्यांची. त्यांच्यावर वेगळा लेख व्हावा.

दुसरे उदाहरण सर्वांच्या ओळखीचे. ऑगस्ट १९७१, ओव्हल. वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला त्यांच्या भूमीवर प्रथमच हरवले. म्हैसूरच्या चंद्रशेखरांनी ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले. कन्नड आणि मराठी या दोन्ही विभागांनी मिळून मिरवावा असा हा दिवस, कारण फलंदाजाच्या अगदी नाकासमोर उभे राहून झेल घेणारे एकनाथ सोलकर आपले. फ्लेचर आणि नॉट हे दोघे त्यांच्या हातात सापडले. सोलकरांचे नाव झाले, २७ कसोटींत ५३ झेल ही नोंद आहे म्हणून झाले. नोंद असली की न्याय होतो, याचा हा पुरावा. पण त्याच डावात डॉलिव्हेराचा महत्त्वाचा झेल एका बदली खेळाडूने घेतला. फलकावर जे छापले जाते ते 'झेल बदली खेळाडू, गो. वेंकटराघवन'. ते बदली खेळाडू हैदराबादचे जयंतीलाल. त्यांची अधिकृत कसोटी कारकीर्द एका सामन्याची आणि पाच धावांची. देशाच्या सर्वांत मोठ्या विजयात ज्याचा हात होता, शब्दशः हात होता, त्याचे नावसुद्धा फलकाने लिहिले नाही!

गमतीची गोष्ट अशी की क्षेत्ररक्षणातली एकच घटना त्या १९४७-४८ च्या दौऱ्यातून जगभर पोहोचली. सिडनीला गोलंदाज विनू मांकड यांनी चेंडू टाकण्याआधीच पुढे सरकलेल्या बिल ब्राउनला धावबाद केले, आणि त्यांच्या आडनावाचे इंग्रजीत क्रियापद झाले. अडवलेल्या शेकडो चेंडूंनी जे झाले नाही ते एका वादाने झाले.

हे असेच असायला हवे, असे काही नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो खेळ आहे, तो क्रिकेटचाच चुलतभाऊ. १८७१ साली तिथे व्यावसायिक खेळाडूंची पहिली साखळी सुरू झाली. या खेळाची आकडेवारी बसवून देणारे हेन्री चॅडविक हे इंग्लंडात जन्मलेले वार्ताहर. आधी ते क्रिकेटवरही लिहीत. त्यांनी क्रिकेटचे स्कोअरबुक पाहिले होतेच, पण तिकडे जाऊन त्यात क्षेत्ररक्षकाचे खाते उघडले. दूरवरच्या मैदानात उभ्या असलेल्या माणसाने किती झेल घेतले, कुणाला बाद करण्यात त्याच्या फेकीचा हात होता, आणि त्याच्या हातून किती चुका झाल्या, हे सारे तिथे नावानिशी लिहिले जाते. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वी थोडेच सामने खेळून विस्मृतीत गेलेल्या एखाद्या सामान्य खेळाडूविषयीही आज सांगता येते की त्याने मैदानात काय केले. रांगणेकरांविषयी आपल्याला सांगता येत नाही. त्यांचे काम आठवणाऱ्यांच्या आठवणीत उरले आहे, आणि ती माणसेही आता फारशी उरलेली नाहीत.

इथे कुणी म्हणेल की खेळ हा आनंदासाठी. त्यात जमाखर्च कशाला? ज्याच्या नावावर शतक आहे त्याने हे म्हणावे. मामांना ते म्हणता येत नाही. तरुणपणी ते कव्हरलाच उभे राहत. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे आजही वाकडी आहेत. त्या काळी एका कार्यालयात खेळाडूंच्या राखीव जागा निघाल्या होत्या. कोणते कार्यालय ते इथे महत्त्वाचे नाही. मामांनी अर्ज आणला. त्यात रकाने दोन: काढलेल्या धावा, घेतलेले बळी. मामांनी दोन्ही रकान्यांत खरे आकडे लिहिले, जे अगदीच किरकोळ होते, आणि खाली जागा होती तिथे लिहिले, 'क्षेत्ररक्षण उत्तम. मैदानावर येऊन पाहावे.' समोरच्या कारकुनाने ती ओळ वाचली आणि तिच्यावर आडवी रेघ मारली. रागाने नव्हे, अर्ज नीटनेटका दिसावा म्हणून. तो माणूस वाईट नव्हता असे मामा आजही म्हणतात. त्याच्याकडे त्या गोष्टीसाठी रकानाच नव्हता. नोकरी ज्याला मिळाली तो मामांच्याच संघातील फलंदाज. मामा लूमवर राहिले. लाल वही त्यांनी त्याच सुमारास सुरू केली.

मी त्यांना म्हणालो, "आता लिहून काय उपयोग?" तेव्हा ते लूमच्या भाषेत बोलले. "अरे भाच्या, कापडात तुटलेला धागा सगळ्यांना दिसतो. सांधलेला कुणाला दिसतो? पण सांधणाऱ्याला तर ठाऊक असायला पाहिजे की त्याने किती सांधले."

महाविद्यालयात परतल्यावर मी हा विषय आमच्या एका प्राध्यापकांकडे काढला. त्यांनी दोन आक्षेप घेतले, आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा की वाचवलेली धाव ही घडलेली घटना नव्हे. पुस्तकपालनात व्यवहार झाला तर नोंद होते. न झालेल्या खर्चाची नोंद कुणी रोजकीर्दीत करत नाही. हे खरे आहे. परंतु घसारा आपण अंदाजानेच धरतो, आणि संशयित येणी किती बुडतील हेही अंदाजानेच. अंदाज प्रामाणिक आणि दरवर्षी एकाच पद्धतीचा असला म्हणजे लेखापरीक्षक तो मान्य करतात. शिवाय फुली, सुटलेला झेल, थेट फेकीने उडवलेली यष्टी या तर घडलेल्या घटना आहेत. त्यांची नोंद तरी कुठे होते?

दुसरा आक्षेप अधिक अवघड होता. नोंद सुरू झाली की खेळाडू नोंदीसाठी खेळू लागतात. टिंब मिळावे म्हणून उगाच सूर मारतील, दुसऱ्याचा चेंडू पळवतील, आणि अवघड झेलाकडे जाणारच नाहीत, कारण न गेलेल्या झेलाला फुली नसते. यावर माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. फलंदाजही सरासरीसाठी नाबाद राहतातच की, एवढेच मी म्हणालो, आणि मलाच ते उत्तर लंगडे वाटले. मामांना फोनवर विचारले तर ते म्हणाले, "जो झेलाकडे धावलाच नाही, त्यालाही फुली द्यायची. गुणलेखकाला डोळे असतात ना?" म्हणजे सारे पुन्हा गुणलेखकाच्या डोळ्यांवर येऊन थांबते. पण पायचीत तरी दुसऱ्या कशावर थांबते?

मोठ्या सामन्यांत आता परिस्थिती बदलली आहे. कॅमेरे सर्व बाजूंनी लागलेले असतात, आणि कुणी किती धावा वाचवल्या याचे आकडे दूरदर्शन संचावर झळकतात. २०२३ च्या विश्वचषकात भारतीय संघाने तर प्रत्येक सामन्यानंतर उत्तम क्षेत्ररक्षकाला पदक द्यायला सुरुवात केली, आणि विराट कोहलीसारखा खेळाडू ते गळ्यात घालून मुलासारखा हसताना आपण सर्वांनी पाहिला. ज्याच्या नावावर हजारो धावा आहेत त्यालाही या एका पदकाचे अप्रूप वाटते, यातच काय ते आले. पण कॅमेरे आपल्या मैदानावर नाहीत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत नाहीत, बुऱ्हाणपूरच्या रविवारच्या सामन्यांत नाहीत. निवड मात्र याच मैदानांवरून होते. विद्यापीठाच्या संघासाठी नावे मागवली जातात तेव्हा आजही धावा आणि बळी यांचाच तक्ता जोडावा लागतो. मामांचा तो अर्ज अजून चालूच आहे म्हणा ना.

म्हणून जिमखाना समितीपुढे मी एक साधी सूचना ठेवली. आपल्या स्कोअरबुकात फलंदाजीचे पान आहे, गोलंदाजीचे आहे. तिसरे पान क्षेत्ररक्षणाचे जोडावे. छापील नसले तरी चालेल, रेघा आम्ही मारू. निवडीच्या वेळी ते पान इतर दोन पानांबरोबर मांडावे आणि विद्यापीठाला पाठवण्याच्या तक्त्यालाही जोडावे. विद्यापीठाने फेकून दिले तर दिले. समितीने 'प्रायोगिक तत्त्वावर' मान्यता दिली आहे. या दोन शब्दांचा अर्थ काय होतो हे आपण सारे जाणतोच, असो.

येताना मामांनी मला एक कोरी लाल वही दिली होती. ती मी आमच्या गुणलेखकाच्या स्वाधीन केली, खुणा समजावून दिल्या, आणि 'शक आला तर टिंब नाही' हा नियमही पहिल्या पानावर लिहून दिला. मागच्या शनिवारी पहिला सामना झाला. आम्ही चार धावांनी हरलो. सामना संपल्यावर मी मोठ्या उत्सुकतेने वही उघडली. माझ्या नावापुढे सहा टिंबे होती, आणि त्यांच्या पुढे आडवी रेघ मारलेले एक वर्तुळ. तो झेल मी सोडला तेव्हा फलंदाज अकरा धावांवर होता. पुढे त्याने आणखी २९ काढल्या. दुसऱ्या दिवशीच्या सूचना फलकावर याचा काही उल्लेख नव्हता. वहीत आहे.